खालून कापतात

"यात तुझा जीव कुठे आहे, सिरसाट?"

गावंडेसरांनी माझा कागद हातभर लांब धरून विचारलं. नागपूरला पाठवायचा ईमेल आधी छापून त्यांच्यासमोर ठेवायचा, ही आमच्या डेस्कची रीत होती. अकोला आवृत्तीतून कुठलाही मजकूर दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय बाहेर पडत नसे. बातमी असो, मथळा असो की श्रद्धांजलीची चौकट असो. सर त्याला 'दुसरा डोळा' म्हणत. वाचणाऱ्याने कोपऱ्यात सही करायची. सही नसलेला कागद आमचा पानं लावणारा फारुक हातातही घेत नसे.

"शेवटच्या परिच्छेदात आहे, सर," मी म्हणाले.

"म्हणजे पायात. जीव पायात ठेवतात का?"

फारुकने संगणकावरून मान वर केली. "ताईचा जीव पायातच असते सर. दिवसभर चहाच्या टपरीवर जाते ना."

"तू पान लाव," सर म्हणाले.

त्या सोमवारी नागपूरच्या मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं होतं. यापुढे सगळ्या जिल्ह्यांची पानं नागपुरात लागणार. कायम नोकरीतल्यांनी नागपूरला रुजू व्हायचं. माझ्यासारख्या करारावरच्यांचे करार वाढवले जाणार नाहीत. अकोल्यात फक्त एक पद राहील, समन्वयकाचं. ज्यांना ते हवं असेल त्यांनी शनिवारपर्यंत उपसंपादक तुषार मानकर यांना ईमेल पाठवावा. ते सर्व विनंत्यांचा गोषवारा व्यवस्थापनापुढे ठेवतील. ज्येष्ठतेला प्राधान्य राहील.

मी ईमेलची सुरुवात 'आपल्या कुशल मार्गदर्शनाखाली' अशी केली होती. त्यानंतर दैनिकाने मला काय काय दिलं, हे लिहिलं होतं. अगदी शेवटी, 'शक्य झाल्यास समन्वयकाच्या पदासाठी माझ्या नावाचाही विचार व्हावा' असं होतं.

सरांनी लाल पेन काढलं. पहिले तीन परिच्छेद त्यांनी एका तिरप्या रेघेने उडवले.

"'शक्य झाल्यास' म्हणजे काय? 'शक्य नाही' हे उत्तर तूच लिहून पाठवतेस. त्यांना फक्त सही करायची. आणि 'विचार व्हावा'? ते विचार करतील. करून सोडून देतील. तुझी विनंती मान्य झाली की नाही? झाली! विचार झाला." ते माझ्याकडे बघत होते. "तुला काय हवंय?"

"ते पद."

"मग लिही, 'अकोल्यातील समन्वयकाचे पद मला द्यावे.' पहिल्या ओळीत."

"आज्ञा केल्यासारखं वाटतं, सर."

"आज्ञेला कारण नसतं. विनंतीला असतं. दुसऱ्या ओळीत कारण दे. तिसऱ्या ओळीत तू काय काय करू शकतेस ते. चौथ्या ओळीत, उत्तर कधीपर्यंत हवं. नमस्कार, नाव, संपलं. मानकर माझ्या हाताखाली तयार झालाय. पोरगा चांगला, पण जागा कमी असली की वाचत बसत नाही, खालून कापतो. खालून कापण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही."

हे आम्हाला त्यांनी पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं. पानावर जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. रात्रपाळीचा माणूस घाईत असतो, तो शेवटचा परिच्छेद काढतो, मग त्याच्या वरचा. म्हणून जीव वर ठेवायचा. कापून कापून एकच ओळ उरली तरी माणसाला कळलं पाहिजे, काय झालं.

मी तिथेच बसून चार ओळी लिहिल्या. सरांनी वाचल्या, एक स्वल्पविराम काढला, कोपऱ्यात सही केली. कागद मात्र लगेच दिला नाही.

"आणखी एक सांगायचंय. सकाळीच सांगणार होतो. हे पद मीही मागतोय."

फारुकचा कीबोर्ड थांबला.

"कुमुदमुळे," सर म्हणाले. "तिला घेऊन नागपूरला जाणं म्हणजे... तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. साऱ्या डेस्कला माहीत होतं. कुमुदकाकूंनी जुन्या शहरातल्या शाळेत आयुष्यभर चौथीचा वर्ग सांभाळला होता. निवृत्त झाल्या आणि वर्षभरातच विसरायला लागल्या. आधी गॅस, मग किल्ल्या, मग रस्ते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं आणि यातून परतीचा रस्ता नाही, हेही सांगितलं होतं. पण अकोल्यात त्या हरवत नसत. राजेश्वर मंदिराजवळ गोंधळून उभ्या राहिल्या की फुलवाली त्यांना गल्लीच्या तोंडाशी आणून सोडायची. बाजारात वाट चुकल्या तर किराणा दुकानदार पोराला सोबत द्यायचा. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली पाढे शिकलं होतं. नागपुरात त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

ज्येष्ठतेने पद सरांचंच होतं. त्यांनी मागितलं की माझी नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं.

"मग माझा मेल कशाला दुरुस्त करताय?" माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा चढला.

"दुसरा डोळा आहे म्हणून. मजकूर कोणाचा, हे डोळ्याने बघायचं नसतं." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "पाठव."

मी पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक चालू असताना खाली रिक्षा थांबली. रिक्षावाला काकूंना हाताला धरून जिना चढवत वर आला.

"सर, बाई टिळक रोडला उभ्या होत्या. म्हटलं, घरी कोणी नसन, तुमच्याकडंच सोडतो."

"किती झाले, विलास?"

"बाईकडून पैसे घेऊ का आता? चौथीत माहे कान पिळून भाडं त्यांनी आधीच वसूल केलं हाये."

काकू हसल्या. "सतराचा पाढा म्हण."

"येतो बाई मी," म्हणत विलास पळाला. सगळे हसले. सर बैठकीत परत गेले आणि काकूंना माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवून गेले. त्या दिवशी त्या छान होत्या. पदर नीट, बोलणं नीट. आजार असा येतो-जातो, हे तेव्हा मला नवीन होतं.

"सिरसाट म्हणजे तूच का वं? हे घरी फार सांगतात तुझं. मथळे चांगले देते म्हणतात."

"सर देतात. मी नुसती टाइप करते."

"तुझी आई काय करते?"

"शिवणकाम करायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं, तेव्हापासून बंद आहे."

"वडील?"

"नाहीत. धाकटा भाऊ आहे, पॉलिटेक्निकला."

"म्हणजे घर तुझ्यावर."

"हो."

"आणि ही जागा तुला नाही भेटली तर?"

हा प्रश्न मला परिपत्रक आल्यापासून कोणी विचारला नव्हता. सगळ्यांना उत्तर माहीत होतं, म्हणून कोणी विचारत नव्हतं.

"बघू काकू. दुसरं पाहीन काहीतरी."

"अकोल्यात दुसरं काय आहे?" त्या म्हणाल्या. आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गातल्या एखाद्या पोराने डबा आणला नाही, हे ज्यांना न सांगता कळतं, तशा बाई होत्या त्या. मला वाटलं, विसरल्या असतील मी कोण ते. मी पुन्हा कामाला लागले.

शनिवारी सरांनी आपला ईमेल छापून माझ्या टेबलावर ठेवला.

"दुसरा डोळा," ते म्हणाले.

"मी?"

"इथे आणखी कोण आहे? फारुक?"

"मले वाचताच येत नाही सर," फारुक म्हणाला. "मी नुसतं चिकटवतो."

मी वाचू लागले. दीड पान मजकूर होता. पहिल्या परिच्छेदात अकोला आवृत्ती सुरू झाली त्या दिवसाची आठवण. दुसऱ्यात शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळापासून संगणकापर्यंतचा प्रवास. तिसऱ्यात संस्थेने दिलेला सन्मान. पुढे पुराच्या वर्षी गुडघाभर पाण्यात अंक कसा काढला, ते. कृतज्ञता तर तीनदा आली होती. एकही ओळ वाईट नव्हती. पण हा त्या माणसाचा मजकूर नव्हता. आणि सगळ्यात शेवटी, 'आपला स्नेहांकित'च्या वर, एकट्या ओळीत:

'पत्नीच्या आजारपणामुळे मला अकोल्यातच समन्वयक म्हणून ठेवावे, ही विनंती.'

मी कागद खाली ठेवला. फारुक माझ्याकडे बघत होता. त्यालाही कळत होतं, आता काय पणाला लागलंय ते. हा मेल असाच गेला तर मानकर काय करेल, याचा अंदाज मला होता. आणि तसं झालं तर कोणाचा फायदा होता, हेही मला कळत होतं.

"सर, जीव पायात आहे," मी म्हणाले.

"कुठे?"

"शेवटच्या ओळीत. ती वर घ्या. बाकीचं सगळं काढा. मी काढून देऊ?"

"नको."

"सर, मानकर खालून कापतो. तुम्हीच म्हणालात."

"म्हाताऱ्याला एकदा तरी अग्रलेख लिहू दे, सिरसाट. तीस वर्षं दुसऱ्यांचे कापतोय."

"काकूंचं काय?"

त्यांनी आपला ठरलेला आवाज काढला, नवख्या पोरांना समजावतानाचा. "दुसऱ्या डोळ्याचं काम चूक दाखवायचं. तू दाखवलीस. ती दुरुस्त करायची की नाही, हे लिहिणाऱ्याचं काम. सही कर."

मी सही केली. सहीखाली, त्यांच्याच रीतीने, लिहिलं: 'मागणी वर घ्यावी.' ते त्यांनी वाचलं, मान हलवली आणि मेल जसा होता तसा पाठवून दिला.

बुधवारी गोषवारा आला. मानकरने सगळ्या जिल्ह्यांच्या विनंत्या एका तक्त्यात घेतल्या होत्या, एका नावाला एक ओळ. माझ्या नावापुढे माझीच पहिली ओळ होती, जशीच्या तशी. सरांच्या नावापुढे होतं: 'श्री. गावंडे यांनी संस्थेप्रति कृतज्ञता व्यक्त केली आहे. विनंती नाही.' खाली निर्णय. समन्वयक, अकोला: रेवती सिरसाट.

सरांनी तो मोठ्याने वाचला. वाचून हसले. "कापलं पोराने खालून. बघ, शिकवलेलं विसरला नाही."

"हसता काय सर?" फारुक उठूनच उभा राहिला. "फोन लावा ना त्याले! म्हणा, खालची ओळ वाच लेका!"

मी टेलिफोन उचलला होता. नंबर अर्धा फिरवला होता. सर माझ्या टेबलाशी आले, माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि जागेवर ठेवला.

"छापून झालेल्या पानाला हात लावायचा नाही."

"हे पान नाही, सर. चूक आहे. तो खुलासा काढेल."

"खुलासा कोण वाचतं? आतल्या पानावर येतो." आणि मग एकदम वऱ्हाडीत, जे ते ऑफिसात कधी बोलत नसत, "काऊन जीव खाते माहा? झालं ना तुह्यं? बस मंग."

मी बसले. मला राग आला होता आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटत असल्यामुळे मी कोणाकडेच बघितलं नाही. माझ्यापुरता मी त्याचा अर्थ लावला: माणूस दुसऱ्याचं लिहिताना नेमका असतो, स्वतःचं मागायची वेळ आली की त्याची जीभ जड होते. ज्येष्ठ माणसाचा अभिमान. आपण शिकवलेल्या पोराला फोन करून 'माझ्यासाठी बघ' म्हणणं त्याला जमत नाही. पुढे वर्षभर मी हेच समजून होते आणि नव्या वार्ताहरांना हा किस्सा सांगतही होते, नाव न घेता.

महिनाअखेरीस त्यांनी राजेश्वर मंदिरामागचं भाड्याचं घर सोडलं. सामान टेम्पोत भरताना फुलवाली आली होती. काकूंना तिने गजरा दिला. काकूंनी तो हातात धरून विचारलं, "आज काय आहे?" फुलवालीने तो घेऊन त्यांच्या केसांत माळला.

पुढच्या हिवाळ्यात समन्वयकांची बैठक नागपूरला होती. ती आटोपून मी मानेवाडा रस्त्यावर सरांचा पत्ता शोधत गेले. तिसरा मजला. बेल वाजवली तर आतून कुलूप उघडल्याचा आवाज आला. सर दारात उभे होते. किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घातली होती, ती त्यांनी पुन्हा सदऱ्याच्या आत टाकली.

"आतून कुलूप, सर?"

"उतरून जाते खाली. मागच्या महिन्यात चार तास सापडली नाही." त्यांनी माझ्या मागे दार लावलं, कुलूप घातलं. "मी ड्युटीवर गेलो की शेजारची बाई बसते. ये, ये. बारीक झालीस."

"तुम्ही झालात."

"मला कोणी खालून कापतंय," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. "निवृत्त झालो की परत अकोला. थोडेच दिवस आहेत. तोवर तिला ते गाव ओळखू येत राहिलं पाहिजे, एवढंच. बस, चहा टाकतो."

काकू खिडकीजवळ बसल्या होत्या. केस पुरुषाच्या हाताने विंचरलेले होते, भांग वाकडा होता. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण ओळख नव्हती.

"तू शाळेतून आली?"

"नाही काकू. सरांच्या ऑफिसातून."

"हां." त्या खूष झाल्या. ऑफिस त्यांना आठवत होतं. "यांच्या ऑफिसात एक पोरगी होती. आईचे डोळे गेलेले. बाप नाही. मी पाहिली होती तिला."

स्वयंपाकघरात लायटर दोन-तीनदा वाजला.

"ते म्हणत, मी मागितलं तर तिची जाते नोकरी. मी म्हटलं, मग नका मागू. पण आपला मुलगा बंगळुरूवरून रोज फोन करे, बाबा, आईसाठी एक अर्ज नाही का करता येत? मुलाला काय सांगणार? तो म्हणेल, बापाने आईसाठी शब्द नाही टाकला." त्या माझ्याकडे झुकल्या, गुपित सांगावं तशा. "मी म्हटलं, मागा. पण शेवटी मागा. शेवटचं कोणी वाचत नाही, तुम्हीच सांगता ना जन्मभर? ते तयारच होत नव्हते. मला रागावले. दोन दिवस जेवले नाहीत नीट. मी म्हटलं, तुम्ही नाही लिहिलं तर मी लिहीन. मी बाई आहे शाळेतली, मला येतं लिहिता. अजून येतं, आत्ताच येतं. पुढे नाही यायचं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. लिहिलं त्यांनी. मी बाजूला बसून होते." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्या पोरीचं काय झालं, कोण जाणे. नाव होतं चांगलं. यांना विचार, यांना माहीत आहे."

"तिचं झालं, काकू. तिला मिळालं ते."

"मिळालं ना?" त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं."

सर ट्रे घेऊन दारात आले होते. कधी आले, मला कळलं नाही. त्यांनी किती ऐकलं, तेही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. छापून झालेल्या पानाकडे बघावं, तसं. त्यांनी कप ठेवले, काकूंच्या कपातला चहा बशीत ओतून फुंकर घातली.

काकूंचं बशीकडे लक्ष नव्हतं. त्या माझा हात धरून होत्या.

"तू कुठची वं, पोरी?"

"अकोल्याची."

"अकोल्याची?" त्यांनी हाताची पकड घट्ट केली. चेहरा एकदम जागा झाला, पूर्वीसारखा, वर्गात उभ्या असल्यासारखा. 'आदरणीय' नाही, 'शक्य झाल्यास' नाही, कारण नाही.

"मला घरी नेऊन सोड."

सरांच्या हातातली बशी तशीच राहिली. मी ते वाक्य मनात पुन्हा वाचलं, सवयीने. वरून बघितलं, खालून बघितलं. त्यात कापण्यासारखं काहीही नव्हतं.